झाडाची खुशाली

पनवेलच्या उकाड्यात ऱ्होडोडेंड्रॉनसारखं थंड डोंगरातलं फुलझाड लावणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा रिकामटेकडा. मी दोन्हींत मोडतो, असं आमच्या सोसायटीचं मत आहे आणि ते खोडून काढायला माझ्याकडे पुरावा नाही. तळमजल्यावरचा फ्लॅट, मागे चार पावलांची जागा, तिथे हिने लावलेला अनंत, तगर आणि कढीपत्ता. ही जाऊन आता दोन वर्षं होतील. मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझं आयुष्य तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये गेलं. झाडं मारायला काय लागतं ते मला तोंडपाठ होतं, जगवायला काय लागतं ते हिचं खातं.

मुलाशी बोलणं हेही हिचंच खातं. तो स्कॉटलंडला असतो. दर रविवारी दुपारी, म्हणजे त्याच्या सकाळी, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मायलेकांचं तासभर चालायचं. मी बाजूला पेपर वाचत सगळं ऐकायचो. शेवटी ही म्हणायची, "थांब, बाबांना देते." मग मी विचारायचो, "काय म्हणतोस?" तो म्हणायचा, "ठीक. तुम्ही?" मी म्हणायचो, "बरंय," आणि फोन परत हिच्या हातात. इतकी वर्षं आमचं असंच छान चाललं होतं.

ही गेली आणि तो फोन सरळ माझ्या हातात आला. जेवलात का, जेवलो. पाऊस आहे का, आहे. तिकडे आहे का, तिकडे कायमच असतो. मग दोघंही गप्प. मला त्याचा राग यायचा, माझाही यायचा. एवढा शिकलेला मुलगा, कामावर दहा माणसांना भाषण देतो म्हणे, आणि बापाशी बोलायला त्याच्याकडे पाऊस सोडून विषय नाही. अर्थात तो गुण त्याने कुठून उचलला हे मी कुणाला विचारायला गेलो नाही.

एकदा बोलता बोलता त्याच्या हातातला फोन कलला आणि मागच्या खिडकीत जांभळ्या फुलांचं एक भलंमोठं झुडूप दिसलं. "हे काय रे?" मी विचारलं. त्याने नाव सांगितलं आणि मग तो जो बोलत सुटला तो थांबेचना. तिकडे हे झाड तणासारखं माजतं, रानंच्या रानं गिळतं, लोक मजूर लावून ते उपटून काढतात, पण ह्याला काही ते उपटवत नाही. आई आली होती तेव्हा तिने वाळलेली फुलं एकेक खुडून काढली होती, खालची नवी कळी न दुखवता. हे मला माहीतच नव्हतं. बारावीनंतर तो माझ्याशी इतका वेळ बोलल्याचं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात मी दार्जिलिंगकडच्या एका नर्सरीतून रोप मागवलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. स्कॉटलंडात उपटून टाकतात ते मी कुरिअरने आणलं.

रविवारी मुलाला दाखवलं तर तो हसला. "बाबा, पनवेलात नाही जगणार हे."

"बघू," मी म्हणालो.

त्या 'बघू'वर आमचं सव्वा वर्ष निघालं. "झाड कसं आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. ह्या झाडाला आम्लधर्मी माती लागते, असं तो म्हणाला. म्हटलं, आम्ल माझ्यावर सोड. लॅबमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून पीएचचे कागद आणले. टँकरच्या पाण्यात लिंबूसत्त्व घालून, कागद बुडवून, रंग जुळवूनच पाणी द्यायला लागलो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितलं, चहाचा चोथा घाला. घातला. मी चहात साखर अगदी सढळ हाताने घालतो, त्यामुळे अख्ख्या पनवेलच्या मुंग्या कुंडीत जेवायला आल्या. मुलगा पोट धरून हसला. तो हसला म्हणून पुढच्या रविवारी मी मुंग्यांची गोष्ट थोडी वाढवून परत सांगितली.

फेब्रुवारीत एक कळी धरली. मला कोण आनंद झाला. दोन्ही बाजूंनी फोटो काढून मुलाला पाठवले. रविवारी तो म्हणाला, "बाबा, ही चांगली खूण नाही. झाड घाबरलं की मरायच्या आधी फुलून घ्यायला बघतं." कळी तपकिरी होऊन गळली. त्याला कळवताना माझा आवाज जरा बसला असावा, कारण तो समजूत घातल्यासारखं म्हणाला, "होईल हो."

मग उन्हाळा. रोज संध्याकाळी फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून मातीवर ठेवायचो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई जवळच्या कोन गावच्या. त्यांनी एके दिवशी न विचारता कुंडीला काळी बाहुली बांधली. "काका, नजर लागलीय त्याला. आमी घराला बांधतो, तुमी झाडाला बांधा. बांधायला काय जातंय?" खरंच काय जातंय, म्हणून राहू दिली.

तिकडे मुळांवर पाइनच्या पानांचा थर घालतात, असं मुलगा म्हणाला. इकडे कुठला पाइन? मी बुद्धी लढवली. उरणच्या किनाऱ्यावरून सुरूच्या झाडांची वाळलेली पानं पोतं भरून आणली आणि कुंडीत चांगला जाड थर दिला. महिन्याभरात रोपाच्या पानांची टोकं करपली. समुद्रावरची पानं ती, खाऱ्या वाऱ्यात वाढलेली, त्यांच्यावर मीठ असणारच. जन्मभर लॅबमध्ये काढलेल्या माणसाने आम्ल रोज मोजलं आणि मिठाचा विचारही केला नाही. थर काढला, माती धुतली, तोवर पावसाळा लागला. मुळं पाण्यात कुजली. दसऱ्याच्या सुमारास फांदी वाकवून पाहिली तर ती कट्कन मोडली, आत हिरवं काही नव्हतं.

मला झाडाचं वाईट वाटायच्या आधी रविवारची भीती वाटली. इतकी की हिच्या वेळेलाही मी डॉक्टरांसमोर असा घाबरलो नव्हतो. तेव्हा घरात बोलणारी ती होती. आता ती नव्हती, आणि झाडही नव्हतं.

रविवारी त्याने विचारलं, "झाड कसं आहे?"

"जरा मलूल आहे," मी म्हणालो.

तिथून रेटत गेलो. मलूल आहे, पण तग धरून आहे. दोन पानं गेली. नाही, दाखवत नाही, मागे उजेड नाही. तो पाण्याचं विचारायचा, मी पाण्याचं सांगायचो. दिवाळीचा फराळ शेजारून आला तेही सांगायचं राहून गेलं, कारण झाडाचंच बोलणं संपत नव्हतं. कधी नव्हे ते आम्ही अर्धा अर्धा तास बोलत होतो.

परवाच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर, साखरेच्या डब्याला फोन टेकवून बसलो होतो. तो मातीचं काहीतरी सांगत होता. मी आपला हं हं करत होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं चित्र दिसतं, त्याच्याकडे मी सहसा बघत नाही, म्हातारं तोंड काय बघायचं. त्या दिवशी नजर गेली. माझ्या खांद्यामागे स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत कुंडी होती. घासून, धुऊन, उपडी घातलेली. दसऱ्यानंतर मीच ती तिथे वाळत ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. ती कुंडी त्याच्या ओळखीची होती, किती इंचांची घ्यायची ते त्यानेच सांगितलं होतं.

म्हणजे इतके रविवार ती त्याच्यासमोर होती.

मी वर पाहिलं. तो बोलायचा थांबला होता. त्याची नजर माझ्या खांद्यामागे गेली आणि परत आली. मी काय पाहिलं ते त्याने पाहिलं होतं. त्याचे डोळे थेट हिच्यासारखे आहेत, काही लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, गेलं रे झाड, कधीच गेलं, तू ये इकडे चार दिवस. तो यायचा नाही. आणि आला असता तर ह्याच टेबलावर समोरासमोर बसून आम्ही काय बोललो असतो, ते मला माहीत आहे.

मी वाट बघत राहिलो. तोही बघत असावा. शेवटी त्याने घसा खाकरला.

"थंडीत खत देऊ नका हं बाबा."

"नाही देत," मी म्हणालो.