दोन ठोक्यांची वाट

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. इथे लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीला हेच सांगतात, हे मला माहीत आहे. फरक एवढाच, की मी हे वाक्य एकदा लेखी दिलेलं आहे... साध्या कागदावर, निळ्या शाईनं, खाली सही करून. त्या कागदामुळेच हे लिहायला बसलो आहे.

आमचं गाव राहुरीपासून आठ-नऊ किलोमीटरवर. नाव देत नाही, अजून बरेच जण हयात आहेत. माझे वडील — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — कालव्यावर पाटकरी होते. म्हणजे धरणातून पाणी सुटलं की आपल्या हद्दीतलं गेट उघडायचं, कुणाची पाळी कधी ते बघायचं, कालव्याच्या कडेनं रोज चालायचं. चौथीपर्यंत शिकलेले. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, आणि दादांनी आम्हा भावंडांना भुताखेताचं नाव घेऊ दिलं नाही. शेजारच्या बाईच्या अंगात आलं तर दादा म्हणायचे, "तिला लिंबू-सरबत पाजा. ऊन लागलंय." घराण्यात पहिला पदवीधर मी. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो ते त्यांच्या पगारावर.

१९९५ च्या डिसेंबरात न्यूझीलंडहून तरुणांची एक सेवाभावी टीम आमच्याकडे आली. अकरा मुलं-मुली. शेजारच्या वस्तीतल्या वसतिगृहाला दोन खोल्या बांधून द्यायच्या आणि मुलांमध्ये मिसळायचं, असं त्यांचं काम. दुभाष्या म्हणून मला घेतलं. पॅट नावाच्या बाई त्यांच्या प्रमुख होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, काम चांगलं केलंस तर पुढच्या वर्षी तुला आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून दहा महिने नेऊ. मी विमान फक्त आकाशात बघितलेलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा उचलायला लागलो.

त्यांच्यात ग्रेग नावाचा एक बावीस वर्षांचा पोरगा होता. त्यानं सोबत स्केटबोर्ड आणला होता. आमच्या गावात त्याला चालवायला गुळगुळीत जागा कुठली? चार दिवसांनी त्यानं ती शोधून काढली. गेटपासून तीन-चारशे मीटर खाली कालवा वळतो, तिथे दोन्ही उतारांना सिमेंटचं अस्तर केलेलं होतं. कालवा कोरडा. ग्रेग एका उतारावरून सुटायचा, तळातून समोरच्या उतारावर चढायचा, वर पोचला की वळायचा आणि परत खाली. आवाज लांबपर्यंत यायचा. खर्रर्र... मग वर वळताना क्षणभर काहीच नाही... मग पुन्हा खर्रर्र. अख्खी शाळा काठावर बसून बघायची.

दादांनी पहिल्याच दिवशी त्याला हाकललं. "अय गिऱ्या, निघ भाईर! पानी काय तुला सांगून येनार हाय व्हय?"

मी भाषांतर केलं — वडील विनंती करत आहेत की कृपया बाहेर यावं.

"येवढं लांब कुटं बोल्लो मी?" दादा म्हणाले.

ग्रेग बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला. एवढा उंच पोरगा, लहान मुलासारखा विनवायला लागला. शेवटी दादांनी नियम घालून दिला. पाणी सोडायच्या आधी तीन शिट्ट्या मारायची त्यांची स्वतःची पद्धत होती. कधीतरी एक म्हैस वाहून गेली, तेव्हापासूनची. ते म्हणाले, "त्याला सांग — शिट्टी ऐकली की वर यायचं. वर आला की फळीचं शेपूट सिमिटावर दोनदा आपटायचं. ठक, ठक. ती ठकठक माझ्या कानावर आली तरच मी गेटला हात लावीन. न्हाई आली तर दिवसभर लावनार न्हाई."

हे मात्र मी शब्द न् शब्द सांगितलं. ग्रेगनं दादांशी हात मिळवला.

नियम दोघांनीही पाळला. जानेवारीत पाणी सुटलं तेव्हा दादांनी शिट्ट्या मारल्या, बाभळींमागून ठक-ठक आलं, मग गेट वर गेलं. त्यानंतर पाणी नसतानाही संध्याकाळी घरी जाताना ग्रेग दोन ठोके द्यायचा आणि दादा गेटजवळून एक शिट्टी द्यायचे. "गेलं बग येडं घरी," म्हणायचे. दादांना हसताना मी फार बघितलेलं नाही. त्या दोन महिन्यांत बघितलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टीम गेली. खोल्या झाल्या, फोटो झाले, टेम्पोत सामान चढलं. मुंबईहून त्यांचं विमान निघत असल्याचं पत्र पॅटबाईंनी विमानतळावरूनच टाकलं होतं. सोबत माझ्यासाठी फॉर्म.

आता तो दिवस. त्यांना जाऊन नऊ दिवस झाले होते. दुपारचे दोन. त्या फॉर्मवर वडिलांची संमतीची सही हवी होती, म्हणून मी गेटवर गेलो होतो. दोन वाजता पाणी सोडायचा हुकूम होता. दादांनी सही केली, पेन मला परत दिलं आणि सवयीप्रमाणे तीन शिट्ट्या मारल्या.

आणि खालून आवाज आला.

खर्रर्र... काहीच नाही... खर्रर्र.

मी दादांकडे बघितलं. दादा माझ्याकडे.

"दादा, ते लोक तर गेले," मी म्हणालो.

"मला ठाव हाय."

"कुणी पोरांनी गाडा-बिडा केला असेल बेअरिंगचा."

"जा. बगून ये."

मी काठाकाठानं पळत गेलो. आवाज पुढून येत होता, स्वच्छ, दोन महिने ऐकलेला. वळणावरच्या बाभळी ओलांडल्या आणि आवाज थांबला. सिमेंट रिकामं. तळाशी वाळलेल्या शेंगा, एक सरडा. वर-खाली दोन्हीकडे दूरवर बघितलं, माणूस नाही. चाकाची फळी नाही. उन्हात सिमेंटला हात लावला तर पोळला. मी परत फिरलो. पन्नासेक पावलं आलो असेन, तेवढ्यात पाठीमागे पुन्हा सुरू झालं. खरं सांगतो, वळून बघायची हिंमत झाली नाही.

"कोन हाय?" दादांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग आवाज?"

"येतोय," मी म्हणालो. "अजून येतोय."

हा माझा शब्द. तो लक्षात ठेवा.

दादांनी पुन्हा शिट्ट्या मारल्या. थांबले. पुन्हा मारल्या. चाकांचा आवाज चालूच होता, ठोके काही येईनात. मी म्हणालो, "दादा, तिथे कुणी नाही, मी बघून आलोय, उघडा गेट." ते म्हणाले, "ठकठक न्हाई आली. मी त्याला सबूद दिलाय." गेटच्या चाकाला पाठ लावून ते खाली बसले.

पाच वाजता जीप आली. टेलकडच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या बागाईतदारांची ओरड ऑफिसपर्यंत गेली होती. साहेबांनी काही विचारलं नाही, दोन माणसांना सांगून गेट उघडायला लावलं. पाणी सुटलं आणि त्याच्या आवाजात पुढचं काही कळेना. दादा पाण्याच्या तोंडाबरोबर काठानं पळत गेले, वळणापर्यंत, आत बघत. त्यांची टोपी पडली ती मी उचलली. कुणी वाहून गेलं नाही. कुणाचा काही शोध लागला नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर हसणं सुरू झालं. "विहारात जाता आन् भुताचं ऐकता व्हय?" असं दादांना तोंडावर विचारलं गेलं. दादा म्हणाले, "भूत न्हाई म्हनलं मी. आवाज आला म्हनलं."

मग खुलासा मागवला. दादांनी आपण जे ऐकलं तेच सांगितलं. जीपमधल्यांनी मला गेटवर बघितलं होतं, म्हणून साक्षीदार म्हणून मला बोलावलं. एक साहेब होते, गोड बोलणारे. त्यांनी मला खुर्ची दिली. आमच्या घरातल्या कुणाला त्या ऑफिसात पहिल्यांदा खुर्ची मिळाली. ते म्हणाले, "शिकलेले आहात. परदेशी निघालात म्हणे. तुम्हीही ऐकलं म्हणालात तर दोघंही खुळे ठराल, आणि पासपोर्टच्या चौकशीला तुमच्याच गावात पोलीस येणार. त्यापेक्षा लिहा, वडिलांना उन्हाचा त्रास आहे, भास होतात. आजारपणात बसवू, चार महिन्यांत पुन्हा कामावर. शिक्षा टळेल."

मला ते पटलं. मला साहेब लोकांचं नेहमीच पटायचं. मी लिहिलं — माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. मला कोणताही आवाज आला नाही. वडिलांना अलीकडे भास होतात.

चार महिन्यांत कुणी कामावर परत घेतलं नाही. त्याच कागदाच्या आधारावर दादांना कामाला अयोग्य ठरवलं आणि नोकरीची सहा वर्षं बाकी असताना घरी बसवलं. शिट्टी त्यांची स्वतःची होती, तेवढी घेऊन आले. माझ्या निवेदनाची प्रत त्यांना मिळाली होती. ओट्यावर बसून, बोट फिरवत, त्यांनी ती पूर्ण वाचली. मग घडी करून माझ्याकडे दिली.

"त्या पोरांचं बोलनं तू बराबर सांगत हुतास," ते म्हणाले. "माजंच चुकवलंस."

त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही.

जूनमध्ये मी गेलो. दहा महिने एका समुद्रकाठच्या शहरात, त्यांच्या टीमसोबत. घर सोडलेली, शाळा सोडलेली मुलं एका सिमेंटच्या खोलगट मैदानात स्केटबोर्ड खेळायला जमायची. आम्ही त्यांना चहा-पाव द्यायचो, बोलतं करायचो. खाली पडून रक्ताळलेली कोपरं मी धुवायचो. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दर महिन्याला देणगीदारांची सभा असायची आणि मला दहा मिनिटं बोलायला उभं करायचे. धन्यवाद म्हणण्याचं काम मी फार छान करायचो. दिवसभर त्या चाकांचा आवाज... आणि दर वेळी कुणी बोर्ड आपटला की मी मनात मोजायचो. एक. पुढे दुसरा येतो का बघायचो.

एकदा ग्रेग भेटायला आला. जुन्या गोष्टी निघाल्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, शेवटच्या दिवशी ठोके दिले होतेस ना?

तो आठवायला लागला. "नाही रे," म्हणाला. "टेम्पो हॉर्न देत होता. तसाच वर आलो आणि पळालो. तुझ्या वडिलांना भेटायचंही राहिलं." मग हसला. "म्हणजे त्यांच्या नियमानं मी अजून कालव्यातच आहे की!"

मीही हसलो. नोकरी गेल्याचं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं, आणि त्यांना वाईट वाटू नये हे बघणं हे माझं काम होतं.

दादांना मात्र पत्रानं कळवलं, की ग्रेगनं ठोके दिलेच नव्हते. त्यांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. "गेट बंद ठेवले ते बरोबर होते म्हणायचे. तब्येतीस जपणे." तो कागद माझ्याकडे आहे.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत गावात ते "चाकं ऐकणारे" राहिले. मी परत आल्यावर शिक्षक झालो, घर बांधलं. मुलांना सांगतो, पुराव्याशिवाय काही मानू नका.

गेल्या दिवाळीत आईनं दादांची ट्रंक आवरायला काढली. शिट्टी निघाली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता कालव्यावर गेलो. कालवा कोरडा होता, अस्तर जागोजागी फुटलेलं. तीन शिट्ट्या मारल्या. तीन तास बसलो. काही आलं नाही. मला आवाज यायला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. नाही आला.

घरी आलो तर आई चुलीपुढे होती. ती म्हणाली, "तू बी त्या दिवशी हुतास ना रं तितं? तुला खरंच काय ऐकू आलं न्हवतं?"

तेव्हा मला कळलं, की दादांनी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेजारी उभा असलेला मुलगा "अजून येतोय" म्हणाला होता, हे त्यांनी ना खुलाशात सांगितलं, ना टपरीवर, ना घरात. एकट्यानं खुळं ठरून घेतलं.

"आलं होतं," मी म्हणालो.

आईनं भाकरी उलटली. मग म्हणाली, "आन् मी जलमभर त्यांच्या डोक्याला तेल चोळत बसले. तुला लिवता येतंय न्हवं? मग लिव कुटंतरी, खरं काय ते."

तो आवाज कशाचा होता, मला माहीत नाही. वारा, बेअरिंगचा गाडा, कान, ऊन — सगळं लावून बघितलं, एकही बसत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. पण ऑफिसात दिलेला कागद खोटा होता. त्या दुपारी दोन ते पाच, कोरड्या कालव्यात चाकांचा आवाज येत होता. तो माझ्या वडिलांनी ऐकला, आणि त्यांच्या शेजारी उभं राहून मीही ऐकला.