न्हाणीघरातली वजरी

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर पहिली चामखीळ आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. जिथे पेन टेकतो, बरोबर तिथे. माझा पेन गळका होता. बोटं कायम निळी असायची आणि आंघोळीच्या वेळी मी ती खसाखसा घासायची. खरखरीत उंचवटा हाताला लागला तेव्हा वाटलं, लिहून लिहून घट्टा पडला असेल. पण महिन्याभरात त्याच्या शेजारी आणखी दोन आल्या आणि अंगठ्याजवळ एक.

सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. काटोलपलीकडच्या एका खेड्यातून मी नागपूरला शिक्षिका व्हायला आले होते. अध्यापिका विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही बावीस जणी. न्हाणीघर एकच. त्यात दोन नळ, एक दगड आणि दगडाच्या कोपऱ्यात टाच घासायची काळी वजरी. ती कुणी आणून ठेवली होती कुणास ठाऊक, पण सगळ्याच जणी वापरायच्या. मी तिनंच शाई काढत असे.

माझ्या खोलीतली एक मुलगी मेसची प्रमुख होती. मोठ्या व्यापाऱ्याची लेक, उंच, देखणी, आणि आवाज असा की रेक्टरबाईसुद्धा आधी तिचं ऐकून घ्यायच्या. रविवारी मुलींनी स्वयंपाकात मदत करायची असे. त्या रविवारी पोळ्यांची पाळी माझी होती. मी कणकेला हात लावणार तोच तिनं पदराच्या टोकानं माझं मनगट धरलं आणि हात सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"पाहा, पाहा! हा हात घालून राहिली कणकेत!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

त्या दिवसापासून माझं ताट वेगळं झालं. ओळखू यावं म्हणून तिनं त्याच्या मागे नेलपॉलिशनं फुली मारली. बसायची जागा दाराजवळ, चपलांच्या बाजूला. नाव पडलं 'कारलं'. संक्रांतीला तिनं सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माझ्यापुढे कागदाचा कपटा धरून त्यावर दोन लाडू टाकले. "गोड बोल वं, कारल्या," म्हणाली. ते लाडू मी खाल्ले नाहीत. पण तिचा तो चेहरा मी नीट पाहून ठेवला.

मेसमध्ये स्वयंपाक करणारी मावशी तेवढी पोळी सरळ माझ्या हातात द्यायची. पन्नाशीची असेल. न्हाणीघर घासायचं कामही तिच्याकडेच होतं. "हात आहे तो, इच्चू थोडीच आहे," असं ती मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. तिनंच एका टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस आणला आणि माझ्या चामखिळीला घट्ट बांधला. बोट सुजलं, चामखीळ होती तिथेच राहिली. मग म्हणाली, "आता डॉक्टरले दाखव, पोरी."

सरकारी दवाखान्यात कातडीच्या रोगांची डॉक्टरीणबाई होती. तिनं माझा हात सरळ आपल्या हातात घेतला. दीड महिन्यात मावशीशिवाय कुणी माझ्या हाताला शिवलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

"रडतेस कशाला? चामखिळीनं कोणी मरत नाही," ती म्हणाली. "हा एक विषाणू असतो. एकाच्या कातडीवरून दुसऱ्याच्या कातडीवर जातो. कातडी ओली असली, खरचटलेली असली, की शिरायला सोपं. शिरल्यावर लगेच दिसत नाही, दोन-चार महिने लागतात. टॉवेल कोणाचा वापरतेस?"

"माझाच."

"मग हात कशानं घासतेस?"

"वजरीनं. न्हाणीघरातल्या."

"ती आणखी कोण वापरतं? कोणाच्या टाचेला किंवा तळपायाला कडक गाठ आहे? मध्ये काळे ठिपके असलेली?"

मला आठवलं. जूनमध्ये आम्ही सगळ्या नव्या होतो, तेव्हा त्या मेसप्रमुख मुलीनं मला आपली टाच दाखवली होती. "कुरूप आहे, आत काटा मोडला," असं म्हणाली होती. काळे ठिपके मी डोळ्यांनी पाहिले होते. रोज सकाळी दगडावर बसून ती टाच वजरीनं घासायची, आणि तिच्यानंतर नंबर माझा असायचा.

"ते कुरूप नसेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पायाची चामखीळ. वजनानं आत दबते, म्हणून वेगळी दिसते. तुझ्याकडे ती तिथूनच आली असणार."

दवाखान्यातून बर्डीच्या बाजारापर्यंत मी चालत आले. बसमध्ये बसवेना. जिनं मला चामखीळ दिली, तिनंच माझ्या ताटावर फुली मारली होती! हे जाऊन ओरडून सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तीही दवाखान्यात गेली असती, आणि बरी झाली असती. ते मला नको होतं.

डॉक्टरीणबाईनं दिलेलं औषध मी गुपचूप लावलं, मावशीलाही सांगितलं नाही. संध्याकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं बोटं भिजवायची. वरची पांढरी पडलेली मेलेली कातडी माझ्या स्वतःच्या वेगळ्या वजरीनं हलकेच काढायची. आजूबाजूच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन, आणि काडीनं औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर. ब्लेड लावायचं नाही, कुरतडायचं नाही, रक्त काढायचं नाही, नाहीतर शेजारी आणखी उगवतात. धीर धरायचा. अडीच महिने मी धीर धरला.

त्याच अडीच महिन्यांत ती खिडकीत बसून ब्लेडनं टाच तासायची. एकीच्या तीन झाल्या. ती लंगडायला लागली. प्रत्येक वेळी तिनं ब्लेड हातात घेतलं की मी पुस्तकातून वर बघायची आणि पुन्हा खाली.

मार्चअखेर माझी बोटं साफ झाली. वर्गावर शिकवून दाखवायचे वार्षिक पाठ आठवड्यावर आले होते. एका दुपारी ती माझ्या पलंगावर येऊन बसली, पहिल्यांदाच.

"काय लावलं वं तू? मलेही सांग ना. पाय टेकवत नाही."

मी कपड्यांच्या घड्या करत होते. घडी न सोडता म्हणाले, "बिब्बा."

"बिब्बा?"

"बिब्ब्याचं तेल. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि थेंब सोडायचा. दोन-तीन दिवस लागोपाठ. जरा चुरचुरतं, तेवढं सहन करायचं."

मी शेतकऱ्याची मुलगी. बिब्बा उतला म्हणजे काय होतं ते मला पक्कं माहीत होतं. आमच्या गावात एकाच्या मांडीवर उतला होता, तर कातडी जळून त्याला महिनाभर बाजेवरून उठता आलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिचा पाय घोट्यापर्यंत सुजला. टाचेवर लिंबाएवढा फोड, आजूबाजूची कातडी काळी. ताप चढला. पाठाला तिचा पहिला नंबर येणार असं सगळे धरून चालले होते. पाठ तोंडावर असतानाच तिचे वडील मोटार घेऊन आले आणि तिला उचलून घेऊन गेले. मी फाटकापर्यंत गेले नाही. जेवायला बसले, माझ्या फुलीच्या ताटात, आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. इतकं चवीनं त्या वर्षात मी जेवले नव्हते.

वाढणाऱ्या मावशीनं डावा हात पुढे केला तेव्हा माझं लक्ष गेलं. उजवा हात तिनं पदराखाली ठेवला होता.

"मावशी, हाताला काय झालं?"

"काही नाही."

मी उठून पदर बाजूला केला. दोन बोटं काळी पडली होती, कातडी सुटून लोंबत होती.

"त्या पोरीनं मले बिब्बे आणाले इतवारीच्या बाजारात धाडलं," ती हळूच म्हणाली. "म्हणे कारल्याची बोटं याच्यानंच बरी झाली. मलेही दोन उगवल्या होत्या. मी दाखवल्या नाही कोणाले, मले सैपाकातून काढलं असतं. म्हटलं, तुह्या गेल्या तर मीही लावून पाहतो."

न्हाणीघर घासताना ती वजरी रोज तिच्या हाताखालून जायची. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"मावशी, मी बिब्बा लावलाच नाही. खोटं सांगितलं तिले."

"काहून?"

"तिचा पाय जळावा म्हणून."

मावशीनं हात पुन्हा पदराखाली घेतला. मग म्हणाली, "मंग मले तरी सांगायचं होतं ना, पोरी."

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईकडे नेलं. सगळं ऐकून बाई माझ्यावर इतकी चिडली की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. परत आल्यावर न्हाणीघरातली वजरी कचऱ्यात टाकली आणि रेक्टरबाईंना सगळं सांगितलं, बिब्ब्यासकट. त्यांनी घरी पत्र धाडण्याची धमकी दिली, धाडलं नाही. मावशीचा हात बांधलेला होता तोवर तीन आठवडे बावीस जणींच्या पोळ्या मी लाटल्या. कुणी ब्र काढला नाही.

लेखी परीक्षेला ती मुलगी आली, पायाला पट्टी, हातात काठी. मला जिन्यात गाठलं.

"मुद्दाम सांगितलं ना तू?"

"हव," मी म्हणाले. "आणि तुझं ते कुरूप नव्हतं. चामखीळ होती. माझ्या हाताला तुझ्याकडूनच आली."

तिनं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मी तिच्या बाजूनं वर निघून गेले. पुढे तिची गाठ पडली नाही आणि तिची माफी मागावी असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही.

मावशीची मागितली. वसतिगृह सोडायच्या दिवशी तिच्या चुलीजवळ बसून. तिच्या एका बोटाचं नख वाकडंच उगवलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मला डाळीत मीठ पुरेसं आहे का ते चाखून पाहायला सांगितलं.