हेल्मेटच्या आतला चेहरा

"काढ आणि हिला दे," फोटोग्राफर म्हणाला. "चिलखत एक नंबर केलंयस. पण तुझा चेहरा मॅच होत नाही."

मी तशीच उभी. अंगावर सोनेरी चिलखत, काखेत हेल्मेट.

"हिला" म्हणजे सानिकाला. शिवाजी पार्कची, त्याच्या कॉलेजातली मैत्रीण. गोरी, उंच, सरळ नाकाची. नुसती शूट बघायला आली होती. हे चिलखत ज्या गेममधल्या योद्धीचं, तो गेम तिने उभ्या जन्मात खेळला नव्हता.

कॉस्प्ले म्हणजे गेममधल्या पात्राचा पोशाख स्वतः करायचा, अंगावर चढवायचा आणि त्या पात्रासारखं उभं राहायचं. मी गणपती गेल्यावर सुरुवात केली ती थेट होळीपर्यंत. ऑफिसातून आले की लालबागच्या आमच्या खोलीत, पोटमाळ्यावर. आईने मला जुन्या गाऊनवरून चिकटपट्टीने मानेपासून मांड्यांपर्यंत गुंडाळलं. मग ती पट्टी पाठीवर कापून टरफलासारखी काढली. झालं माझ्या अंगाचं माप. त्यावरून चपलांच्या तळव्याचा फोम कापला, गरम करून वाकवला, सोल्युशनने चिकटवला. गणपतीच्या मुकुटाला मारतात तो रंग कारखान्यातून आणला. बोटं भाजली. सोल्युशनच्या वासाने शेजारी भांडायला आले. मला त्या योद्धीच्या वेशात एक चांगला फोटो हवा होता. तो कॉस्प्लेच्या स्पर्धेला पाठवायचा होता. या फोटोग्राफरने काढलेले फोटो निवडले जातात, असं सगळे सांगायचे.

शूट होतं परळच्या एका बंद गिरणीत. ती जागा आता शूटिंगला भाड्याने देतात. पडक्या भिंती आणि गंजलेले खांब मुद्दाम तसेच ठेवलेत, फोटोत छान दिसतात म्हणून. माझे बाबा त्याच गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. संपावर बाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. मी आत गेले, पण मागच्या गेटने. माझ्या हातातल्या पिशव्या बघून वॉचमन म्हणाला, कामाची माणसं तिकडून. फोटोग्राफर आणि सानिका पुढच्या गेटने आले होते. तेव्हाच डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पण फोटो हवा होता ना.

"कुठला चेहरा?" मी त्याला विचारलं.

कारण त्या गेममध्ये ती योद्धी हेल्मेट काढतच नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत नाही. गेम बनवणाऱ्यांनी तिला चेहराच दिलेला नाही. मी तसं सांगितलं. तो हसला. लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "अगं, दिसत नसला तरी लोकांच्या डोक्यात एक इमेज असते."

मला कळलं. चेहरा दिसत नाही तिथेसुद्धा यांना आतून गोरीच बाई हवी. मी झाकलेलीही चालत नव्हते.

आमच्या चाळीत गणपतीत मुलांचं नाटक बसायचं. सीता कोण, राक्षसीण कोण, हे रंग बघूनच ठरायचं, त्यावर कधी चर्चासुद्धा नाही. मला काजळाच्या मिशा काढून स्टेजवर ढकलायचे. लोक हसायचे आणि मीही हसायचे, आपलं कौतुक चाललंय असं वाटून. ते हसू आठवलं की आजही माझा मलाच राग येतो.

त्या दिवशीही मी चिलखत काढलं. सांगायची लाज वाटते, पण काढलं. तो म्हणाला, बनवणारी म्हणून तुझं नाव टाकू, निवड झाली तर तुझाच फायदा. सानिका "सॉरी हं" म्हणाली आणि हात वर करून उभी राहिली. मी तिला पट्टे बांधून दिले. मग त्याने माझ्या हातात रिफ्लेक्टर दिला. मी तो धरून तिच्या तोंडावर उजेड पाडत होते, आणि तिने हेल्मेट घातलंच नव्हतं. त्यानेच नको म्हटलं होतं. एवढा चेहरा झाकायचा कशाला!

त्याने दोन-चार फोटो काढले, पण चिलखत तिला बसेना. छातीशी तंग, कमरेत ढिलं, खांद्यावर उचललेलं. ते माझ्या अंगावर बेतलेलं होतं, तिला बसेल कसं? त्याने बॅगेतून कटर काढला. काखेखाली बोट ठेवून म्हणाला, इथे एक चीर देऊ, फोटोत कळणार नाही.

मी रिफ्लेक्टर खाली टाकला.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "ते माझं अंग आहे."

तो म्हणाला मी इमोशनल होतेय. मग म्हणाला, अनप्रोफेशनल आहेस. मग चिडून खरं ते बोलला, "तुम्हा लोकांना चान्स दिला तरी कळत नाही." तुम्हा लोकांना! मी सानिकाच्या पाठीवरचे पट्टे सोडले, चिलखत उतरवलं, तिथेच त्याच्यासमोर पुन्हा अंगावर चढवलं. त्याने कॅमेरा बॅगेत ठेवला. मी पुढच्या गेटने बाहेर पडले. वॉचमन काहीतरी ओरडला, मी थांबले नाही. लालबागपर्यंत तशीच चालत आले. नाक्यावरची पोरं हसली, एकाने शिट्टी मारली. मला रडू येत होतं ते रागाने.

आईला सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, "कापूक दिलंस नाय मां?"

नाही, म्हटलं.

आठवड्याने त्याने सानिकाचा फोटो इंटरनेटवर टाकला. माझ्या चिलखतातला, माझं नाव न लिहिता. खाली कौतुकाचा पूर. मी लिहिलं, हे चिलखत माझं आहे आणि हा फोटो मला न विचारता टाकलाय. त्याने मला ब्लॉक केलं.

मग चाळीच्या गच्चीवर आईच्या हातात मोबाईल दिला आणि उभी राहिले. मागे पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी. फोटो थोडा हलला. तोच स्पर्धेला पाठवला. निवड झाली नाही. होणार नव्हतीच.

तरी पुढच्या वर्षी पुन्हा पाठवणार आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्याच योद्धीचे फोटो, माझ्याच मापाच्या चिलखतात, आणि दर वेळी हेल्मेट काढून. क्रीम नाही, पावडर नाही, उजेड पाडायला कुणी नाही. गेममध्ये तिला चेहरा नव्हता. आता तो माझा आहे, आणि ज्यांच्या डोक्यात दुसरा आहे त्यांना मी हाच बघायला लावणार.