मॅच अडकता कामा नये

कळवणात रंगनाथ आप्पांना आडनावानं कुणी ओळखत नाही. केबलवाले आप्पा म्हटलं की रिक्षावाला थेट दारात नेऊन सोडतो. तरुणपणी या माणसानं खांद्यावर तारेची भेंडोळी टाकून गच्च्यागच्च्यांवरून केबल ओढली, आणि तेव्हापासून गावानं काय बघायचं ते आपण ठरवतो असा त्यांचा एक गोड समज झाला. तो अगदीच खोटाही नव्हता. मॅचच्या दिवशी ते भजनाचं चॅनल बंद करून तिथंही मॅच लावायचे, आणि तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्यांना चहा पाजून परत पाठवायचे.

पुढं केबल मागं पडली आणि आप्पा त्याच खांबांवरून इंटरनेट देऊ लागले. मोठ्या कंपन्या तालुक्यात शिरल्या तेव्हा नाशिकला लहान नेटवाल्यांची बैठक झाली. मोठ्यांनी लहानांना चिरडू नये, असं आप्पा तिथं तावातावानं बोलले. त्याच बैठकीत एका साहेबांनी सरकारचा नियम समजावून सांगितला. तारेतून जाणाऱ्या गोष्टींत आपलं-परकं करायचं नाही, मॅच असो की कुणाचं दुकान, सगळ्यांना सारखी वाट द्यायची. आप्पांनी मान डोलावली. हा नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहे अशी मनाशी खूणगाठ बांधली आणि जेवायला गेले.

मग गेल्या उन्हाळ्यात ऐन शेवटच्या षटकात मॅच अडकली. अर्ध्या बाजारपेठेनं फोनवरून आप्पांचा उद्धार केला. काहींनी कंपनीचं कनेक्शन घेतो म्हणून सुनावलं. आप्पा हबकले. यंदा सामने सुरू होण्याआधीच त्यांनी मशीनला सांगून ठेवलं: संध्याकाळी आधी मॅच, मग बाकीचं, आणि गावातून बाहेर जाणारा व्हिडिओ सगळ्यांच्या मागं. कळवणातून बाहेर कोण काय पाठवतंय, असं त्यांना वाटलं. त्यांच्या लेखी तार ही गावात काहीतरी आणण्यासाठी असते. जन्मभर त्यांनी आणूनच दिलं होतं.

बाहेर पाठवणारी एक होती. ललिता. सुरगाण्याकडच्या डोंगरातली, दरवर्षी नवऱ्याबरोबर पिंपळगावकडं द्राक्षाच्या छाटणीला जाणारी. हंगाम आला की पोरीची शाळा सुटायची. ती सुटू नये म्हणून ललितानं बसस्टँडमागं खोली घेतली आणि नागलीचे पापड करून विकायला लागली. संध्याकाळी मोबाईल उभा करायची आणि पापड लाटता लाटता लाइव्ह गप्पा मारायची, आपल्या डोंगराकडच्या बोलीत. पुण्या-मुंबईच्या बायका ऐकत बसायच्या आणि ऑर्डर द्यायच्या. नेट आप्पांनीच कौतुकानं जोडून दिलं होतं. ती त्यावर काय करते हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

सामने सुरू झाले आणि ललिता तक्रार घेऊन आली. सकाळी नेट बरं चालतं, संध्याकाळीच चित्र अडकतं, बायका निघून जातात, असं तिनं सांगितलं. आप्पांच्या लक्षात सगळं तिथल्या तिथं आलं. तोंडातून मात्र भलतंच निघालं.

"तुझा मोबाईल जुना झालाय, पोरी."

तिनं विश्वास ठेवला आणि मोबाईल बदलला. चित्र अडकतच राहिलं. ती पुन्हा विचारायला आली नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी व्हिडिओखाली लिहिलं होतं, ताई, तुमचं बोलणं कळत नाही. ललिताला वाटलं, हेच खरं कारण. ती पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली.

आप्पांनी एकदा घरी गुपचूप तिचं लाइव्ह उघडलं. ललिता अर्धवट उघड्या तोंडानं थिजलेली होती. मग एक शब्द आला, अडखळत, शहरी वळणाचा, आणि ती पुन्हा थिजली. आप्पांनी मोबाईल पालथा घातला. मशीनमधला तो क्रम उद्या काढून टाकू, असं ते रोज स्वतःला सांगत होते, आणि उद्या पुन्हा मॅच असायची. भिडस्त माणसाचा मला राग येत नाही, पण आप्पांचा आला. गावभर ज्याची वट, तो चार शिव्यांना भ्याला.

एप्रिलच्या छाटणीला टेम्पो निघाले त्या दिवशी ललिता आप्पांच्या ऑफिसात आली. ऑर्डरी आटल्या होत्या, खोली सोडली होती. हातात नेटचं डबडं आणि नागलीच्या पापडांची पिशवी होती. तुम्ही लय केलं, म्हणून पापड, असं म्हणून तिनं पिशवी टेबलावर ठेवली. पोर बाहेर टेम्पोजवळ उभी होती.

ती पिशवी काही आप्पांना सोसली नाही.

"मोबाईल बरा होता तुझा," ते म्हणाले. "मॅच अडकू नये म्हणून मीच तुला मागं ठेवली. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

आप्पांनी घाईघाईनं संगणक पुढ्यात ओढला, दोनदा बटण दाबलं आणि निघालं बघ, म्हणाले.

"एवढंच व्हतं?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"मंग बाया माझ्या बोलण्यानं नाय गेल्या?"

"नाही गं."

ती तिथंच खुर्चीच्या कडेला टेकली. मुकादमाला शब्द दिलाय, आता जावंच लागंल, असं पुटपुटली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. उठता उठता ती दाराकडं, पोरीकडं बघत म्हणाली,

"मी तिला घरातबी आपली बोली बोलू देत नव्हते, आप्पा. बोलली की मारायची."

त्या संध्याकाळी मॅच अडकली. फोनवर फोन आले. आप्पा प्रत्येकाला सांगत होते, आजपासून सगळ्यांचंच थोडं थोडं अडकणार. लोकांनी भरपूर शिव्या दिल्या. ललिताचं डबडं त्यांनी दुसऱ्या कुणाला जोडून दिलेलं नाही.