गोमती गायीला सांगितलेलं

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोविषयी मी आजवर खरं लिहिलेलं नाही. काहीच लिहिलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी लिहिलं, आणि ते छापूनही आलं. आमच्या समाजाच्या स्मरणिकेसाठी जुन्या एकत्र कुटुंबांवर लेख मागितला होता. त्यात मी तिचं उदाहरण दिलं : इतकी वर्षं ती आमच्या घरात वावरली, पण थोरल्या दिराला तिचा चेहरा कधी दिसला नाही की आवाज ऐकू आला नाही. लोकांना ते फार आवडलं. एका सत्कारात ते वाक्य व्यासपीठावरून वाचून दाखवलं गेलं आणि मी हात जोडून बसून राहिलो. त्यातलं चेहऱ्याचं खरं आहे. आवाजाचं खोटं आहे. ज्या दोघींना, तिला आणि तिच्या मुलीला, हे मी समोर बसून सांगायला हवं होतं, त्या दोघीही आता नाहीत. म्हणजे जाब विचारणारं कुणी उरलं नाही तेव्हाच मी लिहायला बसलो आहे, हेही वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

आम्ही परतूरचे, कापसाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भावाचं, रामबिलासचं, लग्न झालं. मुलगी घनसावंगीकडची, आमच्यातलीच, पण शेतकऱ्यांच्या पोरींत वाढलेली. घरात सगळे तिला छोटी बिनणी म्हणत, म्हणजे धाकटी सून. आमच्यात सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर सुनेनं छातीपर्यंत घुंगट ओढायचा आणि बोलायचं नाही. काही लागलंच तर बांगड्या वाजवायच्या. मी थोरला दीर. त्यामुळे माझ्यापुरती ती म्हणजे एक लाल ओढणी, मेंदीचे हात आणि पायांतले चांदीचे वाळे, एवढीच होती.

तिच्या वडिलांनी आंदण म्हणून एक तांबडी गाय दिली होती. तिचं नाव गोमती. गोठा माझ्या बैठकीच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीत वर एक झरोका होता; गोठ्यातून टाचा उंचावल्या की आत डोकावता येई. लग्नाला काही महिने झाले असतील. बाजारला निघायची वेळ झाली आणि माझी टोपी सापडेना. मी खुंट्या पाहिल्या, कपाट पाहिलं, नोकरावर ओरडलो आणि वैतागून पुन्हा गादीवर बसलो. तेवढ्यात झरोक्यातून आवाज आला, अगदी सहज, शेण भरता भरता बोलावं तसा.

“गोमते, तुझ्यासारखं शहाणं जनावर न्हाई बघ. तू कवा आपल्या पेंडीवर बसून पेंड हुडकत न्हाईस.”

मी उठलो. टोपी माझ्याखाली चपटी झालेली होती.

मी हसलो नाही. हसलो असतो तर ऐकलं असं झालं असतं. सून दिराशी बोलत नाही. पण गायीशी बोलायला मनाई नव्हती, आणि माहेरची गाय मारवाडी समजत नाही म्हणून ती तिच्याशी मराठीत बोलायची. घरातल्या बायकांचा सगळा वावर पलीकडच्या चौकात. तिचं बोलणं ऐकू येणारा मी एकटाच होतो, आणि ते तिला ठाऊक होतं.

त्यानंतर सकाळी धार काढताना रोज काही ना काही यायचं. बापूजी, म्हणजे आमचे वडील, जेवताना नेहमी म्हणायचे की पहिल्यासारखं काही राहिलं नाही, माणसांना धाक उरला नाही. दुसऱ्या दिवशी झरोक्यातून : “बापूजी म्हणतेत पहिलं लई चांगलं होतं. पहिलं म्हंजी कवा गं गोमते? मी सासूबाईंना इचारलं. त्या म्हणल्या, पहिलं तर याच्याहून बेकार होतं, तू आरामात आलीस.” कधी गोमतीचा हेवा करायची : “तुला सांजच्याला हिंडवून तरी आणतेत. मला परतूर कसं हाये म्हणून कुणी इचारलं तर मी काय सांगू? चौकोनी हाये म्हणून सांगू? आपल्या आंगणाएवढं?”

एकदा म्हणाली, “काल बायांच्या पंगतीला भाजी उरली न्हाई. सासूबाई म्हणल्या, लोणचं घे. लोणचं बी सरलं होतं. मंग मीठ अन् भाकर खाल्ली बघ. तुझ्यावानीच झालं, तू बी मीठ चाटतीस.”

त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली नाही आणि रामबिलासलाही हात आवरायला लावला. दुसऱ्या सकाळी झरोक्यातून काही वेळ नुसता धारेचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, “आज भाजी उरली, गोमते. कोणाला तरी बराबर ऐकू येतं म्हणायचं.”

तेवढंच. पण तेव्हापासून ती गायीशी बोलत नव्हती, माझ्याशी बोलत होती. आणि मी ऐकत होतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. हे मी आवर्जून लिहितो आहे, कारण पुढं जे झालं त्यात माझा अजाणपणा होता असं कुणाला वाटू नये.

त्या घराची आठवण मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. एक चूल, बाजरीच्या भाकरीवर घरचं तूप, कापसाच्या दिवसांत अंगणात शुभ्र ढीग आणि त्यात लोळणारी पोरं. लोक म्हणतात, काय ते दिवस होते. ते खोटं नव्हतं. पहिल्या पंगतीत बसणाऱ्याला ते घर तसंच दिसत होतं.

तिला एक मुलगी झाली, कमला. कमला बोलायला लागायच्या आत ती पुन्हा गरोदर राहिली. सातव्या महिन्यात झरोक्यातला आवाज बदलला. थट्टा गेली.

“गोमते, पायावर बोट दाबलं की खड्डा पडून राह्यला. डोकं फुटतंय. डोळ्यापुढं काजवे येऊन राह्यलेत.”

एक-दोन दिवसांनी : “सासूबाई म्हणतेत, बाळंतपणाला भेणारी सून पहिल्यांदाच पाहिली. जालन्याच्या दवाखान्यात बाई डॉक्टर हाये म्हणं. गाडी तर इथूनच जाती. कोणी बापूजींना नुसता शब्द टाकला तर होईल. तू टाकशील का?”

रामबिलास खरेदीसाठी गावोगाव फिरत होता, आणि घरी असता तरी बापूजींपुढं त्याचं तोंड उघडत नव्हतं. माझी बायको माहेरी होती. बापूजी ऐकत ते फक्त माझं. मी दोनदा त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेलो. पण बापूजी पहिला प्रश्न विचारणार होते : तुला कसं कळलं? सुनेच्या दुखण्याची गोष्ट थोरल्या दिराला कळतेच कशी? मी रोज सकाळी तिचा आवाज ऐकतो, त्याची वाट बघतो, हे त्या घरात उघडं झालं असतं. तिचीही अब्रू गेली असती, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी माझीच जपत होतो. मला बायकोनं पत्रातून कळवलं, एवढं खोटं बोललो असतो तरी भागलं असतं. मी आयुष्यात पुढं किती खोटं बोललो! ते एक सुचलं नाही.

मी काय केलं ते सांगतो. मी माझी गादी बैठकीतून उचलून समोरच्या दुकानात नेली. हिशेबाला उजेड कमी पडतो, असं घरात सांगितलं.

तीन-चार दिवसांनी विसरलेला चष्मा घ्यायला सकाळीच बैठकीत आलो. तिचा आवाज जड झाला होता, शब्द ओढून काढल्यासारखे.

“गोमते... इकडं कोणी बसून न्हाई का आता?”

थोडं थांबून पुन्हा म्हणाली, “कोणी हाये का?”

मी चष्मा घेतला आणि जोडे हातात धरून, पाय न वाजवता बाहेर पडलो.

त्याच आठवड्यात दुपारी तिला झटके आले. गावातला डॉक्टर येईपर्यंत दातखीळ बसली होती. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “अहो, हिला जालन्याला न्यायचं होतं. घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही का?” बापूजी म्हणाले, “ती कधी काही बोललीच नाही.” मी खाली बघितलं. संध्याकाळच्या आत ती गेली, पोटातलं मूलही गेलं. रामबिलास येऊन पोचला आणि दारातच तिचं नाव घेऊन ओरडला, “सुगना!” आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. ते नाव घरात कुणी उच्चारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

घरात पुढं तिचा उल्लेख निघाला की आई पदर डोळ्याला लावून म्हणायची, अशी सून मिळायची नाही, शब्द म्हणून कधी तोंडातून निघाला नाही. हळूहळू सगळेच तसं म्हणू लागले. मीही म्हणू लागलो. मग लिहिलं.

तो लेख वाचून कमला मला भेटायला जालन्याहून आली. तोवर तिचेही केस पांढरे झाले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, “ताऊजी, एक विचारू? आईचा फोटो न्हाई. ज्यांनी तिला पाहिलं त्या सगळ्या बाया गेल्या. माझ्या बाबूजींना विचारलं की ते नुसते रडायचे. तुम्ही चेहरा पाहिला नसेल, मला माहिती आहे. पण आवाज? चुकून एखादवेळी? कसा होता, बारीक होता का माझ्यासारखा?”

मी म्हणालो, “नाही बेटा. आपल्या घरात तशी पद्धत नव्हती.”

ती मान हलवत राहिली. मग हसून म्हणाली, “मला तर दिवसभर बडबडायची सवय. नातवंडं म्हणतात, आजी भिंतीशी बी बोलते. कोणावर गेले कोण जाणे.”

रिक्षा दारात आली होती. ती वाकून पाया पडली. ऐकलं होतं बेटा, रोज ऐकत होतो, आणि ऐकून उठून गेलो, मला माफ कर. एवढं सगळं तोंडाशी आलं होतं.

“कमला,” मी हाक मारली.

ती वळली. “काय, ताऊजी?”

“जपून जा,” मी म्हणालो.