मेडशीच्या वाटेवरचं भरलेलं कपाट

वाशीम जिल्ह्यात फिरायला निघालेय असं सांगितल्यावर आमच्या इमारतीतल्या बायकांनी एका सुरात विचारलं, तिकडे काय आहे? समोरच्या फ्लॅटमधल्या कुंदानं तर डोक्याला हातच लावला. तिच्या मते माणसानं निवृत्तीनंतर केरळला जावं, फार तर राजस्थानला. मी म्हटलं, ग्रंथालयं बघायला चाललेय. त्यावर ती दार लोटून घरात गेली.

खुलासा करते. मी छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होते. आता हिंडते आणि इथे ब्लॉगवर लिहिते. आम्हा काही निवृत्त मंडळींची एक स्वयंसेवी समिती आहे. सरकारची अ, ब, क, ड ही वर्गवारी असते ती असतेच, पण गावातलं ग्रंथालय खरंच चांगलं चाललंय का, हे ठरवायला आम्ही दर्जाचे निकष तयार केलेत. निकषांना उतरलेल्या ग्रंथालयाला मानांकनाची पाटी. कागदावर सगळं झकास जमलं होतं, आता प्रत्यक्षात ते चालतं का बघायचं होतं. वाशीम जिल्ह्यातली तीन ग्रंथालयं माझ्या आणि नीलिमाच्या वाट्याला आली. नीलिमा म्हणजे माझी मैत्रीण, शाळेत गणित शिकवायची. ती गाडी चालवते आणि मी बोलते. आमची मैत्री टिकलीय ती याच वाटणीवर.

एक नियम मात्र मी स्वतः हट्टानं घालून घेतला होता. पाहणीच्या दिवशी डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. कुणी सांगितलेलं नाही, आणि रजिस्टरातलंही नाही. आदल्या दिवशी बसून भरलेली रजिस्टरं मी नोकरीत इतकी पाहिलीत की विचारू नका. शिवाय पाहणी चालू असताना ग्रंथालयवाल्यांना काही सुचवायचं नाही. या नियमाचा मला भारी अभिमान होता.

ऑक्टोबरच्या एका सकाळी निघालो. समृद्धी महामार्गानं मेहकरपर्यंत सुसाट, तिथून उतरून रिसोडचा रस्ता. जाणाऱ्यांसाठी सूचना : समृद्धीवर चहाची आशा धरू नका, थर्मास घरून न्या. मेहकर सोडलं की मात्र जीव रमतो. सोयाबीनची सोंगणी ऐन रंगात होती. शेतात कापलेल्या सोयाबीनचे ढीग, कडेला मळणीयंत्रं, आणि मधेच अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं सोयाबीन. नीलिमा त्याला अशी हळुवार वळसा घालायची की जणू कुणाच्या अंगणातून चाललोय. रिसोडला बाजाराकडे सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची ही रांग, आणि त्यातून वाट काढणाऱ्या जीपा. एस.टी. स्टँडजवळ साधा लॉज घेतला. खोली स्वच्छ, सकाळी बादलीनं गरम पाणी. जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, वर तेल सोडलेला ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तरी मी ठेचा दुसऱ्यांदा मागितला. दोघींचं मिळून तीनशेच्या आत.

रिसोडची पाहणी सरळ झाली. वर्तमानपत्रांवर म्हातारी मंडळी, आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची मुलं, कपाटात पुस्तकं नीट लावलेली. आमचे निकष चोख चालतात म्हणून मी खुशीत. रात्री नीलिमाला म्हटलं, बघ, कसे केलेत निकष! ती 'हं' म्हणाली आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्याच मालेगावावरून मेडशीकडे. मेडशीच्या थोडं अलीकडे आत वळलं की ते गाव लागतं. नाव लिहीत नाही, इतक्या लहान गावांची नावं जाहीर करायची नाहीत असं समितीत ठरलंय. दोन्ही बाजूंना हिरवीगार तूर, रस्ता खड्ड्यांचा पण देखणा. ग्रंथपाल वंदनाशी माझं फोनवर बोलणं झालेलं होतं. तिशीतली, बोलायला चटपटीत. सगळं तयार आहे, तुम्ही फक्त या, म्हणाली होती.

आणि तयार कसं? दारात रांगोळी, चौकटीला झेंडूचं तोरण, फरशी अशी पुसलेली की चपला बाहेर काढताना मला आपल्या पायांची लाज वाटली. आत चार उंच कपाटं, वरपासून खालपर्यंत पुस्तकांनी गच्च. टेबलावर नवा टेबलक्लॉथ. आणि त्या टेबलाशी एकही माणूस नाही. दुपारची वेळ, ग्रंथालय उघडं, आणि वाचक शून्य.

"एकबी पुस्तक बाहेर नाई ठेवलं, म्याडम," वंदना अभिमानानं म्हणाली. "घरोघरी जाऊन समदे गोळा करून आनले म्या. पाहा, एक खाच रिकामी नाई."

मी विचारलं, आणि वाचक?

"त्याईले सांगतलं, आज येऊ नका. पाहुने येऊन राह्यले, उगा पसारा कायले."

झाली पंचाईत. आमच्या निकषांत सगळ्यांत जास्त गुण दोनच गोष्टींना होते : पाहणीच्या वेळी वाचक किती दिसले आणि किती पुस्तकं लोकांच्या घरी गेलेली आहेत, म्हणजे कपाटात किती खाचा मोकळ्या दिसतात. या बाईनं घरी पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं ग्रंथालय आवरलं होतं. पुस्तकं घरात आणली आणि माणसं घराबाहेर काढली. माझ्या शेजारी नीलिमानं दोन रकान्यांत दोन शून्यं काढली. तिची शून्यं गणिताच्या बाईंची, चांगली गोल आणि गरगरीत.

तेवढ्यात देवरावकाका आले. ग्रंथालयाचे अध्यक्ष, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, सत्तरी ओलांडलेली तरी ताठ. खोली त्यांच्याच मालकीची, गावाच्या अगदी मोक्यावर. मुलाला तिथे बियाण्या-खतांचं दुकान टाकायचंय. बापलेकांचं ठरलं होतं की पाटी मिळाली तर खोली कायमची ग्रंथालयाच्या नावानं करून द्यायची, नाही मिळाली तर दिवाळीनंतर दुकान. काकांनी हे अगदी हसत हसत सांगितलं. माझ्यावर दडपण आणावं असा त्यात काही भाव नव्हता.

मी विचारलं, पाटी नाहीच मिळाली तर?

"तं मंग शब्दाले जागावं लागंन, बाप्पा," काका म्हणाले. "पोरगं माहं, शब्दबी माहाच."

आता काय करायचं? वंदनाला एक वाक्य सांगितलं असतं तरी भागलं असतं. 'अगं बाई, पुस्तकं वाटून टाक!' पण नियम माझाच. मी तोंड उघडलं की नीलिमा चष्म्यावरून बघायची. मी मिटायचे. अशी दोन-तीनदा उघडझाप झाली. शेवटी मी काही न सुचून विचारलं, ग्रंथालय बंद किती वाजता होतं?

संध्याकाळी सात, वंदना म्हणाली.

"मग पाहणी सातपर्यंत," नीलिमा म्हणाली. "दिवस म्हणजे पूर्ण दिवस. नियमात तसंच आहे."

खरं सांगते, तिला तिथल्या तिथे मिठी मारावीशी वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती न विचारता बोलली, आणि बोलली ती हे!

वंदनाच्या घरी जेवलो. झुणका, भाकरी, अंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. पैशांचा विषय काढल्यावर तिची सासू रागावली. मला मात्र घास गोड लागत नव्हता. जेवून परत ग्रंथालयात येऊन बसलो. चार वाजले, पाच वाजले. तोरण सुकायला लागलं. वंदना उगीच पुस्तकांच्या पाठी पुन्हा पुन्हा पुसत होती.

उन्हं उतरली आणि दारात बायकांचा घोळका येऊन उभा राहिला. सोंगणीवरून थेट आलेल्या. डोक्याला फडकी बांधलेली, अंगावर सोयाबीनचा भुस्सा, आणि प्रत्येकीच्या हातात विळा. नीलिमानं आपली खुर्ची थोडी मागे घेतली. पुढे होती ती साठीची इंदूबाई. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना, कारण आज यायचं नाही असं बजावलेलं होतं.

"आमी अंदर नाई येत," ती म्हणाली. "वंदना, थे पुस्तक दे, बस. खुनी सापडाले चार पानं राह्यले अन् तू नेलं."

हळूहळू उलगडा झाला. दुपारी शेतात भाकरी खाऊन झाली की या बायका बाभळीच्या सावलीला बसतात आणि इंदूबाई सगळ्यांना वाचून दाखवते. पुस्तक भाकरीच्याच फडक्यात बांधून शेतात जातं. सध्या एक जाडजूड रहस्यकथा चालू होती आणि ऐन शेवटी वंदना ती उचलून घेऊन आली होती. तेव्हापासून टोळीत दोन तट पडले होते. अर्ध्या म्हणत खून दिवाणजीनं केला, अर्ध्या म्हणत धाकट्या सुनेनं. सोंगता सोंगता दिवसभर भांडणं चालली होती.

वंदना पार ओशाळली. आमच्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, उद्या नेजा नं."

"उद्यापतर कोन थांबते?" इंदूबाई म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "बाई, तुमी शिकेल-सवरेल हा. तुमी तरी सांगा खुनी कोन हाय थे."

मला कुठे माहीत! मी ते पुस्तक वाचलेलंच नव्हतं. म्हटलं, मला नाही माहीत, पण तुम्ही आत या की, ग्रंथालय तुमचंच आहे. हे सुचवणं झालं का? झालं असेल. नीलिमा त्या वेळी छताचा पंखा निरखत होती.

बायका आत आल्या आणि मग बांध फुटला. इंदूबाईला पुस्तक मिळालं हे गावभर झालं असावं. एक निवृत्त पोस्टमन आपला अर्धा राहिलेला शिकारीचा किस्सा मागायला आले. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी सामान्यज्ञानाचं पुस्तक न्यायला आली. पाठोपाठ कुणाला पाककृतीचं पुस्तक, कुणाला संतचरित्र. टेबलाभोवती उभं राहायला जागा उरली नाही. एकेक पुस्तक कपाटातून निघायचं, खाच मोकळी व्हायची आणि वंदनाचा चेहरा आणखी पडायचा. इकडे नीलिमा शून्यं खोडून भराभर लिहीत होती. सात वाजत आले तेव्हा कपाटांचे दोन मधले कप्पे तोंडाच्या बोळक्यासारखे दिसत होते.

वंदना माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "म्याडम, सारं उघडं पडून राह्यलं. आता कसं होईन?"

मला हसू आवरेना आणि नियमामुळे काही सांगताही येईना. शेवटी मी तिचा हात नुसता दाबून धरला. देवरावकाका कोपऱ्यात उभे राहून सगळं बघत होते, त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

ग्रंथालयाच्या ओट्यावर, विळे भिंतीला टेकवून, टोळी बसली आणि इंदूबाईनं ती चार पानं तिथेच वाचली. ठणठणीत आवाज, एकेक शब्द सावकाश. खुनी निघाला भलताच, दोन्ही तट हरले. कोण ते इथे लिहीत नाही, तिकडे जा आणि वाचा. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या आणि त्यांच्यात मीही होते. इतकी मजा मला कुठल्याही समुद्रकिनाऱ्यावर आलेली नाही.

आता शेवट ऐकल्यावर सुरुवात वाचायची हुरहूर लागली. मी वंदनाकडे रीतसर सभासदत्व मागितलं. नीलिमा म्हणाली, आधी पाहणीचा कागद बंद करू दे. तिनं कागदावर सही केली, पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं. मग देवरावकाका मला जामीन राहिले आणि मी पुस्तक घेऊन निघाले. त्याला हळदीचा आणि शेतातल्या मातीचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी वाशीमवरून अनसिंग. तिथली पाहणीही छान झाली, आणि संध्याकाळी एस.टी. स्टँडवर बसून गरम आलुबोंडे खाल्ले. फरक एवढाच की तिथे मी आधी कपाटातल्या मोकळ्या जागा बघितल्या, पुस्तकं नंतर.

घरी आल्यावर समितीच्या बैठकीत माझी बरीच थट्टा झाली, कारण माझेच निकष मी बदलायला काढले. एक पुस्तक म्हणजे एक वाचक असं आम्ही धरलं होतं. बाभळीखाली ऐकणाऱ्या बायका आमच्या कागदावर कुठेच नव्हत्या. आता त्यांना रकाना आहे. त्या प्रवासातून माझ्याजवळ काय उरलं म्हणाल तर हेच. आणि माझ्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट, ज्याचं येणारा-जाणारा कौतुक करतो, ते बघितलं की हल्ली मला नीलिमाचं गोल शून्य आठवतं. म्हणून मी ते पुस्तक वाचून झाल्यावर समोरच्या कुंदाला नेऊन दिलं. कपाटातली आणखी दोन दिली दुसऱ्या मजल्यावर.

परवा वंदनाचा फोन आला. पाटी लागली होती. खिळे ठोकताना शिडी धरून उभा होता देवरावकाकांचा मुलगाच. खोलीचे कागद झाले. सांगता सांगता ती रडत होती, हसत होती, आणि माझंही तेच चाललेलं. मग तिनं नाक ओढलं आणि आवाज एकदम बदलला.

"म्याडम, तुमच्यापाशी आमचं एक पुस्तक हाय. मुदत कवाच सरली. पाटी देल्ली म्हनून ठेवून घेसान का? लोक वाट पाहून राह्यले."

मी चार दिवस मागितले. ती नाही म्हणाली.

लगेच कुंदाचं दार वाजवलं. तिची अजून तीसेक पानं राहिली होती आणि ती पुस्तक सोडायला तयार नव्हती. मी म्हटलं, मग गाडीत बस. बसली की हो! दुसऱ्या दिवशी पहाटे नीलिमा गाडी चालवत होती, मी बोलत होते आणि मागच्या सीटवर कुंदा मान खाली घालून वाचत होती. मेहकर सोडल्यावर ती किंचाळली, "अगं बाई, हा?" नीलिमानं गाडी बाजूला घेतली, आणि वाळत घातलेल्या सोयाबीनशेजारी आम्ही तिघी पोट धरून हसत बसलो.