खिळ्यावरचे कोट

काजूच्या कारखान्यातल्या मागच्या भिंतीला अठ्ठेचाळीस खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्याखाली ऑइलपेंटनं नंबर आणि प्रत्येक खिळ्यावर एक निळा कोट. मुंबईहून तयार आणलेले. स्मॉल, मीडियम, लार्ज. बायकांनी ते आठवडाभर अंगात घातले, मग एकेक करत खिळ्यावर गेले ते गेलेच. आता खांद्यांवर बोटभर धूळ.

"बघा भाभी," कारखान्याचे मालक नितेशशेठ म्हणाले, "साहेबलोक तपासणीला आले की बायका पाच मिनिटं घालतात. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत खिळ्यावर! ह्या वेळी तुम्ही शिवा. पण माझी अट आहे. कोट दिल्यापासून आठव्या दिवशी मी न सांगता येणार आणि आधी खिळे बघणार. कोट अंगावर दिसले, तर दुसरा जोड, टोप्या, वर्षाचं सगळं काम तुमचं. खिळ्यावर दिसले, तर राम राम."

सुरय्यानं हो म्हणायच्या आधी एक कोट काढला आणि उलटा केला. ती तिची खोडच. लग्नाआधी मुंब्र्याला मामाकडे राहून तिनं चार वर्षं रेडीमेडच्या कारखान्यात चेकरचं काम केलं होतं. कपडा आतून बघायचा, टीप ओढून बघायची, इंचात टाके किती ते मोजायचे, खोट दिसली तिथं लाल टाचण लावायचं. हा कोट तर टाचणांनी भरला असता.

लांज्याला बाजारपेठेच्या मागच्या अंगाला तिचं दुकान होतं. दोन मोटारीची मशिनं, एक जुनं पायाचं आणि हप्त्यावर घेतलेलं ओव्हरलॉक. नवरा अस्लम बोटीवर. सहा महिने घरात, सहा महिने समुद्रात. जूनमध्ये शाळेचे गणवेश, एरवी ब्लाउज आणि फॉल. तेवढ्यावर एका बाईचं भागतं, दोघींचं नाही. आणि दुसरी होती दीपाली. बावीस वर्षांची, हात असा बसलेला की चाळीस कॉलर शिवल्या तरी चाळिसावी पहिलीसारखीच. तिचा भाऊ विरारला होता. "दिवाळीपर्यंत बघते भाभी," तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "बाराही महिने काम असलं तर राहते. नायतर दादाकडे जाते, तिकडे कंपनीत लागते." सुरय्याला हे काम हवं होतं ते त्यासाठी. दीपाली गेली की दुकान राहिलं असतं, पण पुन्हा एकटीचं. आणि अशी पोर दुसऱ्यांदा मिळत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

मापं घ्यायला तिनं शनिवारची संध्याकाळ ठरवली. बायकांना आदल्या दिवशी निरोप दिला होता, नि तिथंच सगळं बिघडलं. आयुष्यात ब्लाउज सोडून कुणी त्यांचं माप घेतलं नव्हतं. सगळ्या तोंड धुऊन, वेण्या घालून, काहीजणी तर अबोलीचा वळेसर माळून आल्या. टेप कमरेला लागला की पोट आत, श्वास बंद. साठीतल्या गंगुबाई, एरवी पाठीला बाक असलेल्या, भिंतीला टेकून शिपायासारख्या उभ्या राहिल्या.

"मावशी, ताठ हं, अशाच," सुरय्या म्हणाली. हे शब्द तिला पुढे फार दिवस टोचणार होते.

घरी आल्यावर दीपालीनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडणी केली. अठ्ठेचाळीस मापं चार गटांत बसवली. प्रत्येक गटाचा बेतायला एक कागदी फर्मा. मग खर्च. कापड पावणेदोन मीटर, दोरा, बटणं, वीज, शिलाई.

"दोनशे ऐंशी भाव धरला तर कोटामागे सत्तावीस उरतात," ती म्हणाली. "पण भाभी, बाजूच्या शिलाईत तुम्ही इंचभर माया सोडताय. रेडीमेडवाले अर्धा इंचसुद्धा सोडत नाहीत. निम्मी केली तर सगळ्यात मिळून पाच मीटर कापड वाचेल."

"वाचेल गो. आणि उद्या कुणाचं अंग भरलं की उसवायला काय राहील?"

"कारखान्याचा कोट आहे, लग्नाचा ब्लाउज नाय!"

सुरय्या हसली, पण माया इंचभरच राहिली. आतल्या जादा कापडाच्या पट्टीबद्दल ती कुणाचं ऐकत नसे.

कोट झाले ते दृष्ट लागण्यासारखे. इंचाला बारा टाके, काज-बटणं पक्की, बाहेर एक दोरा लोंबताना नाही. नितेशशेठनी शिवण दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि मान डोलावली. दोन आठवड्यांनी, सोमवारी वाटप झालं.

बुधवारी सुरय्या सहज म्हणून कारखान्यात गेली, बटणं कशी टिकतायत ते बघायला. तिची नजर भिंतीकडे गेली. एकोणतीस कोट खिळ्यावर. तिनं दोनदा मोजले.

"का गो काढलेत?"

"नाय हो भाभी, छान झालेत," एकजण म्हणाली.

"मळतील म्हणून ठेवलेत," दुसरी.

"दिवाळीला घालू," तिसरी म्हणाली आणि सगळ्या काजू सोलायच्या सुऱ्या हातात धरून हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कष्टानं शिवणाऱ्या बाईला तोंडावर वाईट म्हणायचं नाही, एवढंच.

सुरय्यानं एक कोट काढून उलटा केला. शिवण साफ, टाके साफ. लाल टाचण लावायला जागा नाही, आणि तरी कोट खिळ्यावर!

"काय बघतंस त्याला उलटासुलटा करून?" गंगुबाई खालून म्हणाल्या. "मला बघ. सकाळी आठाला हितं बूड टेकलं की जेवायलाच उठतंय. तू मला नवरीसारखी उभी करून माप घेतलंस आणि काजू सोलायला बसवलंस."

बाकीच्यांची मान खाली.  सुरय्यानं कोट गंगुबाईंच्या अंगात घालायला दिला, चप्पल काढली आणि समोर जमिनीवर बसली. तासभर बसली.

गंगुबाई बुटक्या पाटावर, एक पाय मुडपून, दुसरा गुडघा वर, मांडीला ताट टेकवून. बसताक्षणी कोट ढुंगणावर ढोलासारखा ताणला. पोटावरच्या दोन बटणांमध्ये खिडकी पडली. समोरच्या ढिगाकडे हात लांबवला की काखेतून अख्खा कोट वर उचलला जाई; त्या हात परत आणत आणि डाव्या हातानं कोट खाली ओढत. तासाभरात सुरय्यानं ते ओढणं मोजलं. साठच्या वर होतं.

मग तिनं बसल्या बसल्या घेर मोजला. उभ्याच्या मापापेक्षा तीन इंच जास्त. दुसऱ्या बाईचा साडेतीन.

तिनं तिथूनच फोन लावला. "शेठ, चूक माझी आहे. सगळे कोट आज परत नेते. शनिवारी सकाळी देते."

पलीकडून शेठ म्हणाले, "मी सोमवारी खिळे बघणार आहे भाभी. सोमवार म्हणजे सोमवार."

"बघा."

रिक्षातून गठ्ठे उतरवताना दीपालीचा चेहरा पडला. "नवीन कापड? परवडणार कसं?"

"नवीन कशाला? बाजू उसव." उसवल्यावर दोन्ही बाजूंना आतली पट्टी उलगडली. पुढची-मागची मिळून सगळ्या घेराला साडेतीन इंच मिळत होते, आणि शिलाईपुरती कड उरत होती. त्याखाली गुडघ्यासाठी चिरा सोडल्या. दीपालीनं टेप दोनदा लावून बघितला. मग पुटपुटली, "पाच मीटर वाचवले असते तर आज रडलो असतो."

काखेचं मात्र अडलं. तिथं माया पुरेना. सुरय्या कापून उरलेल्या कातरणीच्या पिशवीकडे बघत राहिली आणि तिला अब्बांचं मशीन आठवलं. अब्बा हर्णै बंदरात तांडेलांचे आणि खलाशांचे कुर्ते शिवत. जाळं ओढायला हात डोक्यावर जायचे, म्हणून ते काखेत चौकोनी तुकडा बसवत. चौबगला म्हणत त्याला. हात कितीही वर गेला तरी कुर्ता जागचा हलत नसे. लहानपणी तिला तो तुकडा ठिगळासारखा वाटे. चेकर असताना असला कपडा हाती आला असता, तर पहिलं लाल टाचण तिनंच लावलं असतं.

तिनं कातरणीतून चार बोटांचा चौकोन कापला, काखेत तिरपा बसवला आणि कोट स्वतः घातला. जमिनीवर बसली, हात लांब केला. कोट जागच्या जागी.

"दिसायला..." दीपाली चाचरली.

"काखेत कोण बघतंय? हात वर कर आणि सांग."

दीपालीनं हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. मग कातरणीची पिशवी जमिनीवर ओतली आणि चौकोन कापायला बसली. शुक्रवारी दिवेलागणीला अठ्ठेचाळिसावा कोट इस्त्री होऊन घडीला गेला.

सोमवारी दहाच्या सुमाराला नितेशशेठ आले. सुरय्या आणि दीपाली टोप्यांसाठी डोक्याची मापं घ्यायच्या निमित्तानं आधीच दारात. शेठ थेट मागच्या भिंतीपाशी गेले. रिकामे खिळे, रिकामे खिळे, कुणाची पिशवी, कुणाची छत्री. एकतीस नंबरला एक कोट होता.

"ही कोण?"

"बाळंतपणाला गेलीय लेकीच्या," गंगुबाई ताटावरून मान न उचलता म्हणाल्या. "तिला तिथं कोट घालून पाठवू काय?"

शेठ हसले. गंगुबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले. हात ढिगाकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. डावा हात कोटाला लागला नाही.

"दुसरा जोड कधी देताय?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीनंतर. पण मापं आजच घेते," सुरय्या म्हणाली, "काम चालू असताना. कुणी उठायचं नाही."

दीपालीनं वही उघडली. चार गटांच्या पुढं तिनं नवा रकाना आखलाच होता, 'बसून.' पेन्सिल कानामागून काढत ती हळूच म्हणाली, "भाभी, भाऊबीजेला चार दिवस विरारला जाऊन येईन म्हणते. तोवर माझ्या मशीनवर कुणाला बसवू नका हां. दोऱ्याचं टेन्शन बिघडतं."

"जा गो," सुरय्या म्हणाली, आणि गंगुबाईंच्या कमरेभोवती टेप घातला. "मावशी, पोट सोडा."

"सोडलंय कधीचं!"